अंगठी परत घाला

"अहो वहिनी, ऊन खाताय वाटतं? झाला हो कालचा साखरपुडा. पार साडेअकरा वाजले घरी यायला. लेक अजून झोपलीय, मान अवघडलीय म्हणते."

"तुम्ही गेलात कोणाकडून, मुलीच्या की मुलाच्या?"

"तीच तर गंमत. दोघंही हिचे कॉलेजपासूनचे जिवाचे दोस्त. सगळं हिच्यादेखतच जमलं, आणि मला मेलीने कानोकान खबर लागू दिली नाही! आता मुलीची आई म्हणते ही आमच्याकडची, मुलाची आई म्हणते आमच्याकडची. आणि ही कुठे, तर माहेश्वरीचा पदर कमरेला खोचून, गळ्यात कॅमेरा अडकवून, स्टेजच्या पायरीवर गुडघा टेकून."

"का, फोटोवाला नव्हता केला?"

"व्हिडिओवाला होता. फोटो मात्र हिनेच काढायचे, हा नवऱ्यामुलीचा हट्ट. परक्या माणसाने 'स्माईल' म्हटलं की तिचं तोंड फोटोत दाढ दुखल्यासारखं येतं म्हणे. आधी ते प्री-वेडिंगही हिच्याच गळ्यात पडलेलं. मांडूला जायचं, रूपमतीच्या महालावर! मुलाची आजी शेजारी वाती वळत होती. म्हणाली, 'जा की, पण त्या रूपमतीचं पुढे काय झालं ते वाचून जा.' अकबराची फौज आली तेव्हा विष घेतलं म्हणतात ना तिने! झालं, मांडू रद्द. महेश्वरचा घाट पहाटेच्या उजेडात छान दिसतो, पण नव्वद किलोमीटर, तीनला उठणार कोण? शेवटी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी फोटो काढले आणि सराफ्यात खोपरा पॅटिस खाऊन आले."

"अगं बाई! छत्र्या म्हणजे होळकरांच्या समाध्याच की हो. आणि शुभकार्याला?"

"शूऽऽ! ते आजीला सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका."

"मी कशाला बोलते? हं, हॉल कसा होता?"

"हॉल चांगला, जेवण चांगलं. गराडू तर काय खुसखुशीत, वर जिरावन! उजेड मात्र भयंकर. स्टेजवर जांभळे दिवे, मागे एलईडीचा पडदा. लेक सांगत होती, त्या जांभळ्या उजेडात कुंकू काळं दिसतं. मुलाची आई सुनेला कुंकू लावणार, आणि फोटोत काय, बुक्का लावल्यासारखं? गणपतीपूजन चाललं होतं तेवढ्यात ही पळाली मागे, लाइटवाल्या पोराला म्हणाली, 'भिया, दस मिनट ये जामुनी बंद कर दो.' केले त्याने. साधे पिवळे दिवे राहिले, त्यात कुंकू झालं, साडी झाली, ओटी झाली, साखरेचा पुडा हातात आला. पडदा मात्र बंद होईना. पडद्यामुळे फोटोत काळे पट्टे उमटतात म्हणे. शटर सावकाश ठेवलं तर पट्टे जातात, पण मग कोणी जरा हललं की फोटो हलतो. आता साखरपुड्यात हलायचं नाही असं कोणाकोणाला सांगणार?"

"आणि अंगठ्या?"

"तिथेच तर खरा तमाशा! मुलीची अंगठी पेरापाशी अडली. मुलगा घामाघूम. मामी म्हणते तूप आणा, काका म्हणतात साबण आणा. कशीबशी गेली एकदाची, तर व्हिडिओवाला म्हणतो, 'सर, एक बार फिर से, मोबाइल बीच में आ गया.' अंगठी परत घाला! गुरुजी म्हणाले, 'घाला की, पण दक्षिणाही परत ठेवा.'"

"हे बरं केलं गुरुजींनी!"

"आमचीनेही ऐकलं नाही त्याचं. मला म्हणाली, आई, अडलेल्या अंगठीचाच फोटो काढलाय मी, त्यात दोघंही खरे हसतायत. आणि वहिनी, नंतर सगळे मोबाइल अंगठीवर रोखलेले, त्या वेळी ही पाठ फिरवून भलतीकडेच कॅमेरा लावून बसली. मी मनात म्हटलं, गेली कामातून. घरी येऊन पाहते तर मुलीचे वडील! खांबाशी एकटे उभे, पंगतीकडे बघतायत असं दाखवत, आणि बोटातली अंगठी गरागरा फिरवतायत. मैत्रिणीचा रिझल्ट लागला तेव्हाही असेच फिरवत होते म्हणे. हिला ते ठाऊक. व्हिडिओवाल्याला ते बाबा आहेत की केटररचा मुनीम, कसं कळावं?"

"डोळा आहे हो पोरीला."

"आमच्या ह्यांचं तर रात्री दीन दयाळ-पुराणच सुरू झालं. ते लाला दीन दयाळ, ठाऊक आहेत ना? 1866 साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले, नकाशे काढायचे, आणि 1874 च्या सुमाराला इथेच कॅमेरा हाती धरला. आपल्या तुकोजीराव महाराजांनी उत्तेजन दिलं. पुढे निजामाकडे गेले, तिथे 'राजा' झाले. 1892 मध्ये हैदराबादेत त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, फोटो काढायला इंग्रज बाई. हे म्हणतात, बायकांचे फोटो बाईनेच काढावेत हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी म्हटलं, ते पडद्यासाठी हो, आणि इथे साऱ्या गावासमोर चाललंय!"

"हा हा! पण जोडप्याचे असे हसते फोटो तेव्हा कुठे असायचे? आमच्या सासूबाईंच्या लग्नातल्या फोटोत दोघं असे बसलेत, जशी कोर्टात तारीख आहे."

"पण राजाचे होते बरं का! आपले यशवंतराव होळकर महाराज आणि संयोगिताराणी. पॅरिसमध्ये राहणाऱ्या त्या मॅन रे नावाच्या अमेरिकन माणसाने काढलेत, 1930 च्या आसपास. एकमेकांना बिलगून, हसत. दरबार नाही, तलवार नाही. लेकीने फोनवर दाखवले. राणीसाहेब 1937 मध्ये गेल्या, ऐन विशीत. ते कळल्यावर मला पुढचे फोटो बघवेनात."

"हं... आणि का हो, पैसे घेतले का हिने?"

"काय सांगू! मुलीच्या आईने पाकीट पुढे केलं, हिने हात मागे. ह्यांचं म्हणणं, व्हिडिओवाल्याला रोख मोजता आणि हिला नुसता पुडा? मला विचाराल तर घ्यायला हवे होते. मैत्री मैत्रीच्या जागी, पण लेन्स काय मैत्रीत मिळते? जेवलीसुद्धा नाही धड. गराडू मी पदराखाली डब्यात आणले म्हणून. आणि आठशे फोटोंमध्ये ही एकातही नाही! शेवटी मीच मोबाइलवर तिघांचा एक काढला, तर माझं बोट आलं मध्ये."

"मग लग्नालाही हीच का?"

"नाही म्हणाली चक्क. 'लग्नात मी करवली, कॅमेऱ्याला माणूस करा.' आता नवरीमुलगी रुसलीय. शिवाय मुलाच्या आत्याबाई सकाळपासून तीनदा फोन करून झाल्या, जेवतानाचा तो फोटो काढून टाक म्हणतात, घास तोंडात आहे. लेक म्हणते, सगळ्यात छान तोच आलाय. थांबा हं, वाजला बघा. त्याच असणार!"