पाटी लावा, मग पावती फाडा

“ओ दादा, गाडी घ्या की जरा बाजूला.”
“आलोच, दोन मिनटं.”

मोडनिंबच्या पेठेत ज्याचं घर आहे, त्याला हे बोलणं तोंडपाठ आहे. उंबऱ्याला टेकून मोटारसायकल, तिच्यापुढं पिकअप आणि पिकअपचा मालक समोरच्या दुकानात फवारणीच्या औषधाचा भाव करत उभा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर आधी गाडीवाला शोधायचा. ही माणसं तक्रार करतात ती अगदी रास्त आहे. तरी त्यांना ‘तुमचं रोजचंच रडगाणं’ असं ऐकवलं जातं, याचा मला संताप येतो. रोजचा त्रास आहे म्हणून तक्रारही रोजची आहे.

मोडनिंब हे आडवळणाचं गाव नाही. पुणे-सोलापूर महामार्ग इथून जातो, करकंबवरून पंढरपूरला जाणारा रस्ता इथून फुटतो, कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेमार्गावर गावाचं स्थानक आहे. भोवतालच्या वाड्या-वस्त्यांचा बाजारहाट इथं चालतो. बोराच्या हंगामात पिकअप, उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वारीच्या दिवसांत दिंड्यांची वाहनं, आणि आठवडे बाजाराला तर विचारूच नका. गर्दी शहराची आणि रस्ते गावाचे, अशी इथली अवस्था आहे.

अशा गावातला रहिवासी अर्ज घेऊन निघतो. पहिलं दार ग्रामपंचायतीचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८चं कलम ५३ पंचायतीला सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमणं हटवायचा अधिकार देतं. पंचायतीनं हात हलवले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांकडं जाता येतं. पण हे कलम मुख्यतः टपऱ्या, ओटे, कुंपणं आणि रस्त्यावर मांडलेला माल यांच्यासाठी आहे. चाकांवर आलेली नि तासाभरानं जाणारी गाडी पंचायतीच्या शिपायानं कशी हटवायची? ती उचलायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १२७नं गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. पोलिसांकडं जावं तर तिथं दुसरी अडचण. हे कलम सांगतं की गाडी दहा तास बेवारस उभी असावी किंवा जिथं उभी करायला कायद्यानं बंदी आहे तिथं असावी. धोकादायक जागी उभी असेल तर लगेच हलवता येते, पण प्रत्येक दारापुढची गाडी धोकादायक ठरत नाही. आणि बंदी कुठं आहे? पेठेत तशी पाटीच नसेल, पाटीमागं अधिसूचना नसेल, तर पोलिसानं बोट कशाकडं दाखवायचं?

गाठ इथं बसली आहे. अर्जदाराला वाटतं सगळे टोलवतायत. टोलवणारेही असतात, पण टोलवता येतं कारण मधली कडी कुणी घातलेलीच नाही. मोटार वाहन कायद्याचंच कलम ११७ सांगतं की वाहनतळाची जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावी. म्हणजे गाडी कुठं लावायची हे ठरवताना गावाचं मत घ्यायला कायदाच सांगतो. गावानं ते मत ठराव करून, लेखी, द्यायला हवं.

महामार्गावर बघा. तिथं टोल आहे, गस्तीची गाडी आहे, क्रेन आहे, १०३३ हा मदत क्रमांक आहे, महामार्गाची जमीन आणि वाहतूक यांसाठी २००२चा वेगळा कायदा आहे. महामार्ग सोडून शंभर पावलं गावात शिरा, यातलं काहीच नाही. लांबच्या प्रवाशाचा रस्ता मोकळा राहावा याची एवढी तजवीज, आणि त्याच रस्त्याकाठी राहणाऱ्याला स्वतःच्या दारातून रुग्णवाहिका बाहेर काढता येत नाही. हे मला पटत नाही.

ग्रामपंचायतीच्या त्या १९५८च्या कायद्यातच पंचायतीनं बसवायच्या करांच्या आणि फीच्या यादीत गाडीतळ आणि टांगातळ आहेत. बैलगाडीनं बाजाराला आलेल्या शेतकऱ्यानं बैल कुठं सोडायचे, गाडी कुठं उभी करायची, याची जागा हवी हे तेव्हा कायदा करणाऱ्यांना कळलं होतं. बैलगाडीच्या जागी पिकअप आला, टांग्याच्या जागी सहा आसनी रिक्षा आल्या. आठवडे बाजाराची पावती फाडली जाते, ती फाडायलाच हवी. पण बाजाराला आलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे आणि त्याची गाडी कुणाच्या तरी उंबऱ्यावर लावू द्यायची, हा व्यवहार अर्धाच झाला. म्हणून मी सगळा दोष गाडीवाल्याला देत नाही. डाळिंबाचे क्रेट घेऊन आलेल्या माणसाला ‘इथं लावू नको’ म्हणायचं, तर ‘तिथं लाव’ असंही सांगता आलं पाहिजे.

जून २०२२मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी एक कल्पना मांडली होती: चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा फोटो पाठवा, हजार रुपये दंड झाला तर पाचशे तुम्हाला. शहरात हे चालेलही. मोडनिंबसारख्या गावात नाही चालणार. इथं गाडी बघितली की मालक कळतो, आणि मालक कळला की तो मामाच्या गावचा, नाहीतर पोराच्या वर्गमित्राचा बाप निघतो. फोटो काढणारा संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक होतो आणि पुढची दहा वर्षं त्या घराशी बोलणं बंद. शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडून नियम पाळला जात नसतो.

म्हणून पाटी हवी. पाटी लागली की भांडण रामभाऊ नि शामरावांचं राहत नाही. मोटार वाहन कायद्यातला साधा दंड पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये आहे. सार्वजनिक रस्ता अडवल्याबद्दल जुन्या भारतीय दंड संहितेत २०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५मध्ये तो ५,००० रुपयांपर्यंत आहे. दात आहेत, चावायची वेळ कुणी आणत नाही. आणि आणलीच, तर पावती फाडायच्या आधी फोन येतो: “आपलाच माणूस हाय, सोडा.” हा फोन करणाऱ्यांना सांगायचंय, ज्याचं दार अडलंय तोही आपलाच माणूस आहे. पुढाऱ्याच्या गाडीला पावती फाटलेली गावानं एकदा बघितली, तर बाकीच्या गाड्या आपोआप सरळ होतील.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभेच्या या तारखा साऱ्या गावाला माहीत असतात. पुढच्या सभेला पेठेतल्या रहिवाशांनी सुटेसुटे अर्ज न नेता एकच ठराव न्यावा. पेठेत कोणत्या टप्प्यात गाडी लावायला बंदी, माल उतरवायला सकाळची कोणती वेळ, बाजारच्या दिवशी गाडीतळ कोणत्या गटात, बाजाराच्या वसुलीतला किती पैसा त्यावर खर्च करायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असावं. व्यापाऱ्यांनाही बोलवावं, कारण गिऱ्हाईक त्यांचं आहे आणि दुकानापुढची पहिली मोटारसायकल पुष्कळदा त्यांचीच असते. ठराव इतिवृत्तात आला का हे सभा उठायच्या आत वाचून घ्यावं. त्याची प्रत पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी, पोच घ्यावी, आणि महिनाभरात अधिसूचना निघाली नाही तर त्या पोचेवर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा.