तळोज्यात चायनीज खाऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम चीन विसरावा. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून मेट्रो थेट पेंधरला येते, तिथे उतरून फेज वनच्या दिशेने नाकाच्या भरवशावर चालत सुटावं. जळक्या लसणाचा आणि व्हिनेगरचा वास घशात जाऊन ठसका लागला की पोहोचलात.

पाटीवरचा ड्रॅगन बघून गाडी निवडू नये, तो सगळीकडे सारखाच असतो. एमआयडीसीतली शिफ्ट सुटल्यावर जिथे उभं राहायला जागा उरत नाही, ती गाडी आपली. भट्टीच्या घरघरीत हळू आवाजातली ऑर्डर ऐकू जात नाही, तेव्हा लाज सोडून ओरडावं. मग कारागिराचा हात बघावा. कढईखाली जाळ उसळतो, कोबी-गाजर हवेत जाऊन परत येतं आणि पळीच्या एकाच फेरीत मीठ, मिरपूड, सोया, अजिनोमोटो असं सगळं टोकावर येऊन आत पडतं. मोजमाप विचारू नये. अजिनोमोटोही चिनी नव्हे. त्यातली चव १९०८ साली टोकियोत प्राध्यापक किकुनाए इकेदांनी शोधून काढली.

मंचुरियन मागवताना मांचुरियाचा विचार मनात आणू नये. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग सांगतात त्याप्रमाणे, १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कुणी तरी काही नवं मागितलं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. ही मिरची आणि ज्याचं कॉर्नफ्लोअर होतं तो मका, दोन्ही मूळचे मेक्सिकोकडचे. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. म्हणजे मंचुरियनमध्ये मेक्सिको बराच आहे, मांचुरिया औषधालाही नाही.

शेजवान चटणीचं तर विचारूच नका. खऱ्या सेचुआनी जेवणात जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी असते. तिचं सख्खं भावंड म्हणजे आपलं तिरफळ. कोकणात बांगड्याच्या तिखल्यात ते हमखास पडतं, पण गाडीवरच्या शेजवानमध्ये शोधून सापडणार नाही. तिथे लाल मिरची आणि लसूण, बस्स.

‘हे अस्सल नाही’ असं म्हणणारा मित्र बरोबर असेल तर त्याला टॅको बेलची गोष्ट सांगावी. ग्लेन बेल या अमेरिकन माणसाने १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेल्या या दुकानाने अर्ध्या अमेरिकेला कुरकुरीत टॅको खायला शिकवलं. तेच दुकान खुद्द मेक्सिकोत १९९२ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये गेलं, दोन्ही वेळा गाशा गुंडाळून परतलं. आपल्या चायनीज भेळेलाही शांघायला धाडू नये. ती इथेच सुखात आहे.

आता मुख्य परीक्षा, ट्रिपल शेजवान. खाली राईस, त्यात नूडल्स, वरून तळलेल्या नूडल्स आणि शेजारी वाटीभर ग्रेव्ही. एकट्याने फुल मागवण्याची मर्दुमकी नवशिक्याने करू नये. दोघांत हाफ आणि एक मंचाव सूप वन बाय टू, एवढ्यावर भागतं. लॉलीपॉपचं हाड हातात धरून खावं, काटा मागितलात तर शेजारचे वळून बघतील. पार्सल असेल तर ग्रेव्ही वेगळी बांधून घ्यावी. नाहीतर मेट्रोतून खारघरला पोहोचेपर्यंत राईसचा गिचका होतो आणि घरचे विचारतात, ही खिचडी कुठून आणलीस?