झाडाले काय झालं? : परसदारी निदानाची पाच पायऱ्यांची पद्धत

नागपुरात घरामागे झाड असणे ही खाजगी मालमत्ता असते. त्या झाडाला गाठी येणे ही मात्र सार्वजनिक घटना. महाल असो, प्रतापनगर असो की मानेवाडा, पानांवर फोड दिसले की संध्याकाळपर्यंत कुंपणावरून तीन मते येऊन पडतात. ‘झाडाले कॅन्सर होय हा, बुडापासून तोडा,’ हे पहिले. ‘काही नाही बाप्पा, फळं धरून राहिलं,’ हे दुसरे. तिसऱ्या मतानुसार दृष्ट लागलेली असते आणि उपाय सर्वांत स्वस्त असल्याने बहुधा तेच मान्य होते. प्रस्तुत मार्गदर्शिका चौथ्या मताची गरज भागवण्यासाठी आहे. साहित्य: एक झाड, एक भिंग, एक ब्लेड. कुऱ्हाड लागत नाही.

पायरी पहिली : झाडाचे नाव काढावे

झाडाचे नाव मालकाला माहीत असते, हा गोड गैरसमज आहे. प्लॉट विकणाऱ्याने ‘सावलीचं झाड आहे’ एवढेच सांगितलेले असते आणि मालकाने त्यावर वीस वर्षे काढलेली असतात.

हे काम मे महिन्यात भर दुपारी हाती घेऊ नये. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा हवेत कोणतेही झाड फक्त सावलीच्या आकारावरून ओळखले जाते. पावसाळ्यानंतर, सकाळी, पान हातात घेऊन बसावे. गाठींच्या तक्रारी घेऊन येणारे संशयित नागपुरात मुख्यतः तीन.

एका देठावर पाच किंवा सात चकचकीत पर्णिका, चुरगळल्यावर नको वाटणारा वास, उन्हाळ्याच्या तोंडी फिकट जांभळट फुलांचा सडा आणि एकेका बीची चपटी शेंग, असे असेल तर तो करंज. फांदीच्या टोकाला पाने चक्राकार बसलेली, तोडल्यावर पांढरा चीक आणि दिवाळीच्या सुमारास रात्री डोके धरायला लावणारा फुलांचा वास असेल तर ती सप्तपर्णी. पाने मोजून सात भरली नाहीत म्हणून मालकाने नर्सरीवाल्याशी भांडू नये; एका चक्रात चारही असतात, आठही असतात. आणि फळांचे घोस थेट खोडालाच लगडलेले दिसले तर तो उंबर. त्याला वडासारख्या पारंब्या नसतात.

पायरी दुसरी : गाठ कापून पाहावी

गाठीबद्दल चर्चा करण्यापेक्षा ती कापणे सोपे असते, पण हा मार्ग सहसा कोणी पत्करत नाही. एक पान तोडून गाठ ब्लेडने उभी चिरावी.

करंजाच्या पानावर बोटासारखे, शिंगासारखे उंचवटे येतात. ते चिरल्यावर आत काहीच दिसत नाही आणि मालक निराश होतो. निराश होऊ नये. आत कोळी असतो. जाळे विणणारा नव्हे. ही जात मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी असते आणि इतर कोळ्यांना आठ पाय असताना हिचे चारांवर भागते. शास्त्रज्ञ तिला ‘असेरिया पोंगामी’ म्हणतात. कोवळ्या पानात तोंड खुपसून हा जीव रस पितो, त्याच्या लाळेने पानाच्या पेशी वाट्टेल तशा वाढतात आणि पोकळी तयार होते. म्हणजे गाठीचे बांधकाम झाडाचे, साहित्य झाडाचे, आणि राहायला भाडे न देणारा भाडेकरू. नागपुरातल्या घरमालकांना हा व्यवहार अधिक समजावून सांगायला नको.

उंबराच्या आणि सप्तपर्णीच्या पानांवरच्या गाठी मात्र सायला वर्गातल्या किडीच्या. संत्रा बागायतदार ‘सिट्रस सायला’ या नावाने ज्याला ओळखतात, आणि ज्याच्या नावाने बोटे मोडतात, त्याचेच हे भाऊबंद. गाठ चिरली की आत फिकट रंगाचे पिल्लू सापडते. ते मोठे झाले की गाठ उकलते आणि ते उडून जाते.

उंबराच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. पानावरची गाठ आणि खोडावरचे फळ यांत गल्लत होते. फळाच्या टोकाला बारीक छिद्र असते. गाठीला तसे ते नसते. फळ चिरले तर आत शेकडो फुले दिसतात. ‘उंबराचं फूल’ झालेल्या जावयाला लोक शोधत बसतात, पण खरे फूल इथे बंद दाराआड असते. चिमुकली गांधीलमाशी छिद्रातून आत शिरते, परागण करते आणि काही फुलांत अंडी घालते. त्या फुलांच्या आतल्या आत गाठी होतात. तेव्हा उंबर खाणाऱ्याने गाठींचा तिटकारा करणे शोभत नाही.

पायरी तिसरी : किळस आल्यास स्वयंपाकघरात जावे

‘किडीनं केलेलं आहे, हात लावू नका,’ असे घरातील ज्येष्ठ व्यक्तीने बजावल्यास तिला आदरपूर्वक बाळगुटीचा डबा काढायला सांगावे. त्यातले मायफळ हे फळ नव्हे. ते इराण-तुर्कस्तानाकडच्या ओक झाडावरची गाठ आहे, एका बारीक गांधीलमाशीने घडवलेली. ती सहाणेवर उगाळून ज्येष्ठ व्यक्तीने घरातल्या तीन पिढ्यांना चाटवलेली असते. खोकल्यासाठी मुलांना मधातून दिले जाणारे बालचातुर्भद्र चूर्ण काढले तर त्यातली काकडशिंगी हीही हिमालयातल्या एका झाडावर माव्याने केलेली पोकळ गाठ. युरोपात शतकानुशतके कागदपत्रे लिहिली गेली ती मायफळ आणि हिराकस यांच्या शाईने.

खोडावर राखाडी-हिरवट पापुद्रे आले असतील तर त्यांच्या बाबतीतही हाच न्याय. ती दगडफुलाच्या जातकुळीची शैवाक आहेत. खोडावर नुसती बसतात, झाडाचे काही खात नाहीत. थंड डोंगरांत वाढणारी त्यांची मोठी भावंडे सावजी मसाल्यात भाजून पडतात आणि पाहुणा दुसऱ्यांदा रस्सा मागतो.

या पायरीअखेर मालकाला एक अप्रिय गोष्ट मान्य करावी लागते: पानांवरच्या या गाठींसाठी करण्यासारखे फारसे काही नाही. वरून मारलेले औषध आत बसलेल्या किडीला सहसा गाठत नाही, उलट त्या किडीला खाणाऱ्या दुसऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या मात्र मरतात. मोठे झाड पानझडीत जुन्या पानांबरोबर गाठी टाकून देते आणि चैत्रात नवी पालवी काढते.

पायरी चौथी : संत्र्याचे झाड असल्यास चव घ्यावी

इथे सूर बदलतो. परसातल्या संत्र्याला अचानक जोमाने काटेरी, सरळसोट फांद्या फुटल्या की घरात आनंद पसरतो. हा आनंद तपासून घ्यावा. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण झाडाचा खालचा भाग बहुधा संत्र्याचा नसतो. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम केलेले असते. डोळ्याच्या जोडाखाली फुटलेली फांदी जंबेरीची. ती ठेवली तर वरचा संत्रा उपाशी राहतो आणि काही वर्षांनी झाडावर जाड सालीची, आंबट, खडबडीत फळे लागतात. तेव्हा ‘आमच्याकडची माती बदलली’ असे निदान होते. जोडाखालची फूट दिसताच काढावी.

खोडातून डिंक गळत असेल तर मात्र ती खरी व्याधी. बागायतदार तिला डिंक्या म्हणतात. फायटोफ्थोरा नावाची बुरशी बुंध्याशी साचलेल्या पाण्यात फोफावते. आळ्यातले पाणी खोडाला लागू देऊ नये आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला बोर्डो मलम लावावे: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. शंका राहिल्यास १९८५ मध्ये सुरू झालेली लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था याच शहरात, अमरावती रोडवर आहे. शेजाऱ्यांच्या तुलनेत तिथे मत उशिरा मिळते.

पायरी पाचवी : जे सर्वांत हिरवे दिसते त्यावर संशय घ्यावा

आंब्याच्या एका फांदीवर वेगळ्याच पानांचा दाट झुबका, त्यात नळीसारखी नारिंगी फुले, शिंजिरांची ये-जा. येणारे-जाणारे ‘काय बहरलं बावा झाड’ म्हणतात. हे बांडगूळ. ते स्वतःच्या पानांत अन्न शिजवते, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीत मूळ घुसवून घेते. जोडावर फुगीर गाठ दिसते आणि गाठीपुढची फांदी वाळत जाते. फुलटोच्या त्याची फळे खातो; चिकट बी विष्ठेतून सुटता सुटत नाही, म्हणून तो शेपूट फांदीवर घासतो. तिथे पुढचे बांडगूळ उगवते.

नुसता झुबका खुडून उपयोग नाही, आतल्या मुळापासून तो पुन्हा फुटतो. फळ पिकायच्या आत, गाठीच्या बऱ्याच खाली, फांदीच कापावी लागते. मात्र राज्यात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा लागू आहे आणि त्याच्या लेखी झाडाला इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. करवत आणण्यापूर्वी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्यावा. अर्जात ‘कारण’ या रकान्यात ‘बांडगूळ’ लिहावे. ‘दृष्ट’ लिहू नये.

कापलेला झुबका अंगणात पडला की शेजारच्या काकू तो कुंडीत लावण्यासाठी मागतात. खुशाल द्यावा. वाद घालू नये, खतही सुचवू नये. बांडगुळाला मातीत जगता येत नाही.