तिथीची पाऊणपट

वरच्या मजल्यावरचे काका मुलाकडे इटलीला जाऊन आले आणि आमच्या घरातली शांतता गेली. कॅप्री काय, सगळेच बघतात. काका गेले नेपल्सजवळच्या प्रोचिदाला. जेमतेम चार चौरस किलोमीटरचं बेट, पण २०२२ मध्ये इटलीची सांस्कृतिक राजधानी! गुलाबी-पिवळ्या घरांचे ढीगभर फोटो बघून झाल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आपण शेवटचं डायनासोर गार्डनला गेलो होतो." पिंपळे गुरवात राहून डायनासोर गार्डनला जाणं म्हणजे भाजी आणायला जाणं.

मग मीही बेट काढलं. अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जाता येतं, म्हणजे होडीचे पैसे वाचले. त्यातून संकष्टी, आणि किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ. बायकोला दर्शन, मला परतल्यावर पापलेट थाळी.

ओहोटीचं गणित कंपनीतल्या कोकणी मित्रानं शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी, म्हणजे चार पाऊण तीन. तीन वाजता. तीन वाजता नक्की काय, तेवढं विसरलो होतो. मी ओहोटी धरली. चाकणला मी क्वालिटीत आहे. दोन मायक्रॉनसाठी अख्खा लॉट परत पाठवतो.

दहाला अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो, तर पाणी घोट्याएवढं. घोडागाडीवाला म्हणाला, "साहेब, अकराच्या आत परत फिरा." मी हसलो. पुण्याकडच्या माणसाला काय येड्यात काढतो! मुलीला म्हटलं, "पाणी अजून उतरायचंय. तीनला कोरडी वाळू."

दर्शन झालं. खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याचा तलाव बघून झाला. चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा बघितल्या. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या कारखान्यात ओतलेल्या, साल १८४९. त्यांच्या कास्टिंगवर मी बरंच बोललो. मुलगी म्हणाली, "बाबा, दरवाजाकडे चला." लाटा दरवाजाच्या पायऱ्यांवर आपटत होत्या. मघाशी ज्या वाळूत बूट हातात धरून आलो, तिथं आता समुद्र होता.

"अहो, हे उतरतंय की चढतंय?"

मित्राला फोन लावला. तो इतका हसला की रेंज गेली असं मला आधी वाटलं. पाऊणपट भरतीची असते.

एकही होडी दिसेना. गाडीत डबा राहिलेला. बायकोच्या पर्समध्ये एक राजगिऱ्याचा लाडू, तोही उपासाचा. तिनं त्याचे तीन भाग केले आणि मोठा मला दिला. बोलली असती तर बरं झालं असतं. बरोबर तीन वाजता समुद्र तुडुंब भरला. गणित एक मिनिटही चुकलं नव्हतं, मीच सहा तास चुकलो होतो.

साडेसहाला मांडीभर पाण्यातून निघालो. बूट उंच धरले होते. त्यांत गाडीची चावी होती, हे ते पाण्यात पडल्यावर आठवलं. बूट सापडले, चावीही सापडली, पण ती काही केल्या लॉक उघडेना. मेकॅनिक येईतो आठ. पापलेट संपलं होतं. पेणजवळ चंद्र दिसला, तेव्हा उपास सुटला. माझाही.

पुढच्या संकष्टीला बायकोनं चिंचवडचा मोरया गोसावी ठरवलाय. पवनेला पूर आला की तिथंही देवळात पाणी शिरतं. घरात मी हे बोललेलो नाही.