धडपडशील हं!

मराठीत पडण्याला काही तोटा नाही. पाऊस पडतो, ऊन पडतं, रात्र पडते. प्रश्न पडतो आणि त्याचा विसरही पडतो. स्वप्न पडतं, मग ते महागात पडतं. माणूस आजारी पडतो, प्रेमात पडतो, निवडणुकीत पडतो, आणि या सगळ्यांतून उठला की कुणाच्या तरी पाया पडतो. इतक्या पडण्यांच्या गर्दीत पाय अडकून जमिनीवर येण्याची साधी क्रिया हरवून जायची, म्हणूनच की काय, भाषेनं तिच्यासाठी एक आवाज करणारा शब्द राखून ठेवला आहे : धडपडणं. नुसता उच्चारला तरी जीभ टाळूवर दोनदा आपटते. शेजारच्या खोलीतून तो आवाज आला तर कोण, कशाला अडखळून आणि हातातल्या कोणत्या भांड्यासकट, एवढंच विचारायचं उरतं.

गंमत अशी, की हाच शब्द सभागृहात गेला की शाल-श्रीफळ घेऊन परत येतो. ‘लहानपणापासून अतिशय धडपड्या’ असं एखाद्याबद्दल व्यासपीठावरून म्हटलं, तर त्याच्या गुडघ्यांची चौकशी कुणी करत नाही. पोटासाठी धडपड, शिक्षणासाठी धडपड, संस्था उभी करायची धडपड. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तिथलं वसतिगृहही सांभाळत होते. पुढं त्यांनी ‘धडपडणारी मुले’ नावाची कादंबरी लिहिली, तेव्हा ही मुलं सारखी पडतात आणि रडतात अशी शंका एकाही वाचकाला आली नसावी. उलट मुलगा खरोखरच पायरीवरून घरंगळला, की त्याच्या आईच्या तोंडून तोच शब्द निघतो, आणि त्यात कौतुक औषधालाही नसतं. त्यातून शब्दाच्या आधी ‘नसती’ लागलं, तर मोठ्यातल्या मोठ्या समाजकार्याचं क्षणात ‘नसती धडपड’ होतं. हे विशेषण लावायचा अधिकार बहुधा घरातल्यांकडेच असतो.

म्हणजे या शब्दाचा अर्थ कोशात कमी आणि धडपडणाऱ्याच्या वयात जास्त आहे. लहान मुलाच्या बाबतीत तो नेहमी भविष्यकाळात येतो. ‘धडपडशील हं!’ यातल्या ‘हं’मध्ये जगातल्या सगळ्या आया सामावलेल्या आहेत. न्यूयॉर्कमधल्या काही संशोधकांनी नुकती चालायला लागलेली, 12 ते 19 महिन्यांची बाळं मोकळी सोडून त्यांची पावलं मोजली आणि 2012 साली तो हिशेब प्रसिद्ध केला. सरासरी निघाली तासाला 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं. आपल्याला तासाभरात सतरा ठिकाणी नकार मिळाले, तर आपण दार लावून बसू आणि संध्याकाळी ज्योतिषाकडे जाऊ. बाळाच्या हे गावीही नसतं. अठराव्यांदा उठताना ते इकडं-तिकडं पाहतं खरं, पण पाहणारं कुणी असेल तरच रडावं, एवढ्याचसाठी.

तारुण्यात हा शब्द वर्तमानकाळात येतो, ‘धडपडतोय बिचारा’. यातला ‘बिचारा’ पगार सुरू होईपर्यंत टिकतो. निवृत्तीच्या समारंभात तो भूतकाळात जातो, ‘आयुष्यभर धडपडले’. पण सत्तरीच्या पुढं घरातली माणसं तो शब्द उच्चारायलाच भितात. न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे बसतात, सतरंजीची दुमडलेली कड कुणी तरी न बोलता पायानं सरळ करतं, आणि खुब्याच्या हाडाचा विषय निघालाच तर शेजारच्या आजींचा म्हणून निघतो.

माझ्या आत्याचं घर पुण्यात एका वाड्याच्या माडीवर होतं. जिना लाकडी, अंधारा, इतका उभा की वरून धरायला एक दोर सोडलेला. हजारो तळव्यांनी तो शाळिग्रामासारखा काळा आणि गुळगुळीत झालेला. जिन्याची वरून दुसरी पायरी बाकीच्यांपेक्षा अंमळ उंच होती. सुताराचं काय चुकलं होतं ते त्याचं त्याला ठाऊक, पण त्या पायरीमुळं वाड्याला घंटेची गरज कधी लागली नाही. धडपडल्याचा आवाज आला की आत्या आतूनच म्हणायची, ‘कोण पाहुणं आलंय बघ.’ घरच्या माणसाचा पाय तिथं आपोआप बोटभर जास्त उचलायचा. न धडपडता जो वर आला तो घरचा. नव्या जावयाला ही परीक्षा पास व्हायला तीन दिवाळसण लागले, असं आत्या सांगायची. त्याच्या तोंडावर सांगायची, आणि तोही मान डोलवायचा.

हा काही आमच्याच सुताराचा पराक्रम नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका भुयारी रेल्वे स्थानकाच्या जिन्यात अशीच एक पायरी होती, इतरांपेक्षा अर्ध्या इंचानं उंच. 2012 साली एका तरुणानं शेजारी उभं राहून तिच्यावर अडखळणाऱ्यांची चित्रफीत काढली. एकापाठोपाठ एक माणसं तिथं ठेचकाळतात आणि प्रत्येक जण वळून पायरीकडे असा पाहतो, की तिनंच पाय पुढं केला होता. पुढं रेल्वेवाल्यांनी ती पायरी दुरुस्त केली. अर्धा इंच हे अंतर फार वाटत नाही; पण सपाट रस्त्यावर चालतानासुद्धा पुढं जाणाऱ्या पायाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटरच वर असतो. सगळी ऐट तेवढ्या फटीवर चाललेली असते.

वाडा पडला, म्हणजे पाडला. त्या जागी इमारत उभी राहिली आणि आत्याला तिथंच पहिल्या मजल्यावर घर मिळालं. जिना एकसारखा, फरशीचा, उजेडाचा. आणि पहिल्या वर्षी आत्याचे यजमान त्या निर्दोष जिन्यावर, वरून दुसऱ्या पायरीशी, वारंवार लटपटले. नसलेल्या उंचीसाठी पाय बोटभर जास्त उचलला जायचा आणि रिकाम्या हवेतून खाली यायचा. ‘जुनी पायरी चढत होतो,’ एवढंच म्हणायचे. आत्या यावर काही बोलत नसे. पण ते बाहेरून यायच्या वेळेला ती दार उघडून उभी राहायला लागली.

धडपडीचे दोन्ही अर्थ एकाच माणसात पाहायचे तर मला महर्षी कर्वे आठवतात. 1875 साली कोकणातल्या मुरुडचा धोंडो केशव नावाचा सतरा वर्षांचा मुलगा एका सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. भर पावसात कुंभार्ली घाटातून, शंभराहून जास्त मैल, पायी. त्या निसरड्या वाटेवर तो किती वेळा घसरला असेल त्याची नोंद नाही, आणि त्यानं ती कुणाला सांगितलीही नसती. पोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण लागत. कागदावर ती होती, पण चण लहान. सतराचा दिसत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. वयाच्या बाबतीत याहून मोठी चूक महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या परीक्षकानं केली नसेल : हा उमेदवार पुढं 104 वर्षं जगला. मधल्या काळात हिंगण्याच्या माळावर विधवांसाठीच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली, आणि तिथून रोज चिखल तुडवत पुण्यात कॉलेजात शिकवायला यायचं व संध्याकाळी तसंच चालत परतायचं, हा त्यांचा क्रम झाला. याला ‘नसती धडपड’ म्हणणारेही तेव्हा पुष्कळ असणार, आणि नीतिनियमांच्या गप्पा मारणारे ते लोक पायी फारसे चालत नसणार, असा माझा आपला अंदाज.

आत्या आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. मध्यंतरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिचा पाय अडकला, ओट्याला धरता धरता मनगट मुरगळलं. डॉक्टर तरुण होते. ‘आजी, कशा पडलात?’ त्यांनी विचारलं.

‘पडले कुठं? धडपडले.’

‘तेच ते.’

‘तेच कसं? पडले असते तर भुईवर असते. मी ओटा धरला ना!’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांनी केसपेपरवर काहीतरी खरडलं. ‘काय लिहिलंत ते वाचा पाहू,’ आत्या म्हणाली. डॉक्टरांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागेना, म्हणून ते प्रकरण तिथंच मिटलं.