डोक्यावरचा टोल

सोमाटणे फाट्यावरच्या टोलनाक्याविरुद्ध आपण आंदोलनं केली. डोक्यावरचा टोल मात्र मुकाट भरतो. मावळात भाताच्या बांधाला माका फुकट उगवतो. आजी तो खोबरेलात उकळायची तेव्हा नातवंडं नाक मुरडायची. तोच माका ‘भृंगराज’ होऊन बाटलीत बसला, वर कंगव्याचं टोपण आलं, की आपण रांगेत! त्यातलं इंदुलेखा तेल मूळचं केरळचं. 2015 साली हिंदुस्तान युनिलिव्हरने तो ब्रँड घ्यायचा 330 कोटींचा सौदा जाहीर केला.

तिकडे अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या केसांवरून नोकरीत, शाळेत भेदभाव होऊ नये म्हणून 2019 मध्ये कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला. त्यांच्याच केसांसाठी हार्लेममध्ये उभा राहिलेला शिया मॉइश्चर हा ब्रँड 2017 साली कोणी घेतला? युनिलिव्हरनेच. केस कुणाचेही असोत, गल्ला एकच. (गोरेपणाची क्रीमही त्याच घरची, 2020 मध्ये नावातलं ‘फेअर’ खोडून ‘ग्लो’ लिहिलं, झालं प्रबोधन!)

तेव्हा मावळकरांनो, तण म्हणून माका उपटून टाकू नका. बांधावर एकदा प्लॉटिंग झालं, की तो फक्त एमआरपीतच मिळेल.