गुणी, पण सांभाळणार कोण?

गुणवान पण त्रासदायक खेळाडू घ्यावा का, या प्रश्नावर अमेरिकन फुटबॉलमधील तेव्हा ओकलंडमध्ये असलेल्या रेडर्स संघाचा अनुभव दांडगा आहे. दोन्ही बाजूंनी. २००७ मध्ये त्यांनी नकोसा झालेला रँडी मॉस नवोदित खेळाडूंच्या निवडीतील चौथ्या फेरीच्या एका निवडहक्कावर पेट्रियट्स संघाच्या गळ्यात बांधला. त्याने त्याच हंगामात २३ टचडाउन झेलून विक्रम केला. २०१९ मध्ये तिसऱ्या व पाचव्या फेरीचे हक्क मोजून अँटोनिओ ब्राउन आणला. शीतोपचारात त्याच्या तळपायांना हिमदंश झाला. लीगने त्याचे जुने हेल्मेट नाकारताच तो दिवाळसणाच्या जावयासारखा रुसला, मग सरव्यवस्थापकाशी भांडला. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधीच नारळ मिळाला. लगेच पेट्रियट्सने उचलला. तिथे सामना खेळला, एकच.